आधी तिला सांग, गाणं नंतर

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

माझं वय २८. गाव सांगली जिल्ह्यात, नोकरी पुण्यात, एका सॉफ्टवेअर कंपनीत. लहानपणापासून मी अडखळत बोलतो. काही अक्षरांना घसाच बंद होतो आणि माझं नाव नेमकं त्यातल्याच एका अक्षराने सुरू होतं. ऑफिसात हे कुणाला माहीत नाही, कारण मी बोलतोच कमी. सगळ्यांना मी लाजाळू वाटतो. कुठेही गेलो तरी मी तिथला नाही असं वाटत राहतं. फक्त गाताना तसं होत नाही. भजनी मंडळात मी शाळेपासून गातो, आणि गाताना एकदाही अडखळलेलो नाही.

दोन महिन्यांनी कंपनीचा वार्षिक कार्यक्रम आहे. एका सहकाऱ्याने नव्वदच्या दशकातलं ‘स्कॅटमॅन’ हे इंग्रजी गाणं सुचवलं. ते गाणारा माणूस स्वतः अडखळत बोलायचा हे कळल्यापासून ते गाणं डोक्यातून जात नाही. वाटतं, हेच गावं आणि स्टेजवरूनच सगळ्यांना सांगून मोकळं व्हावं.

दुसरीकडे लग्नाचं चाललंय. एका मुलीला दोनदा भेटलो, दोन्ही वेळा घरचे सोबत होते. मी ‘हो’, ‘नाही’, ‘छान’ एवढंच बोललो. ती मला आवडली आहे. तिचा फोन आला की मी उचलत नाही, नंतर व्हॉट्सॲपवर लिहितो. आता मध्यस्थांकडून कळलं की तिच्या मावशीने विचारलं, “मुलाच्या मनाविरुद्ध चाललंय का?” आईबाबा म्हणतात, आत्ता काही सांगू नकोस, लग्नानंतर कळेलच, तोवर उपचार करू. माझ्या एका काकांनाही हाच त्रास आहे. आधी पूर्ण बरा होऊ आणि मग लग्नाचं बघू? की तिला एक मोठा मेसेज लिहून टाकू? ताई, मला अरेतुरेच करा.

ताईंचं उत्तर :

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातली ती मावशी मला फार आवडली. तिने जे पाहिलं त्यावरून तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. मुलगा दोनदा आला, पोहे खाल्ले, तीन शब्द बोलला, मुलीकडे धड पाहिलंही नाही. ती फोन करते तेव्हा उचलत नाही आणि पाच मिनिटांनी लिहितो, ‘मीटिंगमध्ये होतो, बोल ना.’ या मुलाला घरच्यांनी बळेच बोहल्याकडे ढकललंय, असं माझ्याही मनात आलं असतं.

अडखळणं लपवण्यात आपल्याला यश आलंय असं तुला वाटतं. ते लपलं आहे, हे खरंच. पण त्याच्या जागी लोकांना काय दिसतंय, ते तू बघितलेलं नाहीस. गप्प माणसाबद्दल लोक काही ना काही समजूत करून घेतातच. ऑफिसात ती ‘लाजाळू’ अशी झाली, तिच्या घरी ‘मनात नाही’ अशी झाली, उद्या नव्या टीममध्ये कुणी ‘शिष्ट आहे’ म्हणेल. म्हणजे सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न उरलेला नाही. तू आत्ताही तिला काहीतरी सांगतोच आहेस, आणि ते चुकीचं आहे.

तुझ्या पत्राचा जो भाग मी वर छापला नाही, त्यात तू दोन गोष्टी सहज लिहून गेला आहेस. कॉफी हवी असताना चहा मागतोस. आणि ज्या स्टॉपचं नाव जिभेवर येत नाही, त्याच्या पुढच्या स्टॉपचं तिकीट काढतोस. कंडक्टरला त्याचं काही वाटत नसेल. पण दिवसभर प्रत्येक वाक्याच्या आधी असा हिशेब चाललेला असतो : हा शब्द नको, तो घेऊ, तोही नको, मग गप्पच बसू. या हिशेबात किती शक्ती जाते हे अडखळणाऱ्या माणसालाच ठाऊक. जोसेफ शीहान नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, तो स्वतः अडखळायचा. तो अडखळण्याला हिमनग म्हणायचा. लोकांना ऐकू येतं ते पाण्यावरचं टोक. लाज, भीती, शब्द टाळणं, प्रसंग टाळणं हे सगळं पाण्याखाली. तू टोक इतकं दाबून धरलंस की आता सगळा नगच पाण्याखाली आहे. म्हणून तो हलका झाला का? तुझं पत्र वाचून तसं वाटत नाही.

आता तुझ्या गाण्याकडे येते. मोकळेपणाने सांगायचं तर ते गाणं मला फारसं आवडत नाही. तो नव्वदच्या दशकातला धाडधाड डिस्को ठेका मला दोन मिनिटांत दमवतो. पण त्यामागचा माणूस मला फार आवडतो, आणि तू त्याची गोष्ट अर्धीच वाचली असावीस.

त्याचं नाव जॉन लार्किन. जन्म १९४२चा, कॅलिफोर्नियातला. बोलायला लागला तसा अडखळायलाही लागला. पोरवयात पियानोशी गाठ पडली आणि तोंडाने जे बोलता येत नव्हतं ते बोटांनी बोलायची सोय झाली. त्याच वयात एला फिट्झगेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग या जाझ गायकांच्या रेकॉर्डवर त्याने स्कॅट गायन ऐकलं. स्कॅट म्हणजे अर्थाचे शब्द न घेता ‘शूबी-डूबी’सारखी अक्षरं घेऊन त्यावर सुरांचा विस्तार करायचा. आपल्याकडे तराण्यात ‘दिर दिर तोम’ घेऊन करतात, साधारण त्याच जातीचं. पुढची कितीतरी वर्षं तो जाझ क्लबांमध्ये पियानो वाजवत राहिला. पियानोमागे बसलेल्या माणसाकडून कुणी बोलण्याची अपेक्षा करत नाही, ही त्या कामाची मोठी सोय. मधल्या काळात दारू झाली, अमली पदार्थ झाले, त्यातून तो बाहेरही आला. १९९० मध्ये तो बर्लिनला गेला. तिथल्या कार्यक्रमांत पियानोबरोबर तो गाऊ लागला आणि लोकांना ते आवडलं. मग त्याच्या एजंटने सुचवलं की तुझं हे स्कॅट आणि आजचा नाचाचा ठेका एकत्र करून बघू.

इथे लार्किन घाबरला. गाणं गाताना अडखळण्याची भीती त्याला नव्हती, ती तुलाही नाही. त्याला धास्ती होती ती नंतरची. गाणं चाललं तर लोक भेटायला येतील, रेडिओवाले मुलाखत घेतील आणि मग सगळं उघडं पडेल. तेव्हा त्याच्या बायकोने, ज्यूडीने, त्याला सांगितलं की मग हे गाण्यातच सांगून टाक. म्हणून त्या गाण्यात तो म्हणतो की कुठल्या ना कुठल्या प्रकाराने अडखळतो तर प्रत्येकजणच, आणि स्कॅटमॅनला हे जमलं तर तुलाही जमेल. १९९४च्या अखेरीस गाणं बाहेर आलं आणि १९९५ मध्ये युरोपातल्या अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं, ब्रिटनमध्ये तिसऱ्या. जपानमध्ये तर त्याची लाटच आली. तेव्हा लार्किन त्रेपन्न वर्षांचा होता. पुढे जेमतेम साडेचार वर्षं जगला. डिसेंबर १९९९ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला.

या गोष्टीतल्या दोन जागांवर तू थांबावंस असं मला वाटतं. पहिली : गाणं गाजल्यावर त्याचं अडखळणं गेलं नाही. तो मुलाखतींना गेला आणि तिथे अडखळत बोलला. जी भीती होती ती तंतोतंत खरी झाली, आणि काही बिघडलं नाही. दुसरी जागा ज्यूडीची. साऱ्या जगाला सांगण्याआधी घरात एकीला ठाऊक होतं. तिच्यासमोर तो रोज अडखळत होता, म्हणून तर ती त्याला तसं सुचवू शकली. तू मात्र क्रम उलटा लावला आहेस. दोनशे माणसांना माईकवरून सांगायची तयारी आहे, आणि एका मुलीचा फोन उचलायची नाही.

ते साहजिक आहे, त्यात तुला टोमणा मारायचा हेतू नाही. स्टेजवर तू गाणार आहेस, आणि गाताना तुझ्यासारखे बहुतेक सगळे सफाईने गातात. त्यात चमत्कार नाही. गाण्याचे शब्द आधीच पाठ असतात, त्या क्षणी वाक्य जुळवावं लागत नाही. स्वर लांबवलेला असतो, श्वास ठरलेल्या जागी, वेळ तालाने बांधून दिलेली. आणि मुख्य म्हणजे समोरचा उत्तराची वाट बघत नसतो. भजनात सगळ्यांबरोबर म्हणताना, एकट्याने पुटपुटताना, कुत्र्यामांजराशी बोलताना अडखळणं असंच कमी होतं किंवा नाहीसं होतं. बोलताना मेंदूला शब्द निवडणं, वेळ साधणं, स्नायू हलवणं हे सगळं एकाच वेळी करायचं असतं, आणि अडखळणाऱ्यांच्या मेंदूत या वेळ साधण्याच्या यंत्रणेत थोडा फरक असतो, असं आजवरचा अभ्यास सांगतो. बुद्धीशी, धीटपणाशी किंवा संस्कारांशी त्याचा संबंध नाही. घाबरल्याने अडखळणं वाढतं, पण घाबरट आहे म्हणून कुणी अडखळायला लागत नाही.

म्हणून ‘गाणारा मी खरा आणि बोलणारा मी सदोष’ ही तू केलेली वाटणी मला मान्य नाही. गळा एकच आहे. गाणाऱ्याला फक्त तालाचा आधार आहे. आणि स्टेजवरून तू सुरेख गाऊन खाली उतरलास की लोक काय म्हणतील, सांगू? “छे, तू कुठे अडखळतोस!” तुझं सांगणं त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

लार्किनच्या त्या ‘प्रत्येकजण अडखळतो’बद्दलही एक शेरा. कान सुखावणारं वाक्य आहे, पण मला ते अर्धंच पटतं. प्रत्येकात काही ना काही उणं असतं हे कबूल. पण प्रत्येकाला चुकीच्या स्टॉपचं तिकीट काढावं लागत नाही. तुझा त्रास खरा आहे आणि तो सगळ्यांच्या त्रासासारखा नाही. आपलं उणं आपलंसं करायचं म्हणजे ‘मला काही त्रासच नाही’ असं म्हणायचं नाही.

आता ‘आधी पूर्ण बरा होऊ’ या अटीबद्दल. अडखळणं बहुधा दोन ते पाच वर्षं वयात सुरू होतं. यातल्या बहुसंख्य मुलांचं ते आपोआप जातं. ज्यांचं राहतं त्यांत मुलगे जास्त. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकजण अडखळतो. तुझ्या कंपनीत हजार माणसं असतील तर तुझ्यासारखी आठ-दहा असू शकतात. तीही बहुधा लाजाळू म्हणूनच प्रसिद्ध असतील. अठ्ठाविसाव्या वर्षी ते मुळापासून नाहीसं होईल, असं कुठलाही प्रामाणिक तज्ज्ञ तुला सांगणार नाही. ‘एकवीस दिवसांत शंभर टक्के खात्री’ असं जो सांगतो त्याच्याकडे पैसे भरू नकोस. लहानपणी तुझ्या जिभेवर वेखंड उगाळून लावलं, तोंडात खडे ठेवून पाढे म्हणायला लावले, असं तू लिहिलं आहेस. आईने ते मायेनेच केलं. पण दोष जिभेत नव्हताच.

म्हणून उपचार निरुपयोगी, असं समजू नकोस. चांगला स्पीच थेरपिस्ट दोन अंगांनी काम करतो. एक, बोलण्याची सुरुवात सैल करणं : हळुवार आवाजाने शब्दात शिरणं, पहिला स्वर किंचित लांबवणं, वाक्याचे लहान तुकडे करणं. दुसरं, अडखळायचंच तर कमी झटापटीने अडखळणं. चार्ल्स व्हॅन रायपर हा या विषयातला मोठा माणूस, तोही अडखळणारा. त्याचा सगळा भर या दुसऱ्या गोष्टीवर होता. शब्द अडकला की डोळे मिटून, मान झटकून त्याला ढकलत बसायचं नाही. थांबायचं, ताण सोडायचा आणि पुन्हा सैलपणे त्याच शब्दाकडे यायचं. मुद्दाम, स्वतःच्या मर्जीने अडखळून बघण्याचाही एक सराव असतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याची भीती वाटते तेच आपण होऊन केलं की भीतीचा जोर उतरतो. आणि सोबत पाण्याखालच्या भागावर काम : फोन उचलणं, कॉफीच मागणं, आपल्या स्टॉपचंच तिकीट काढणं.

पुण्यात भारती विद्यापीठाचं वाचा-श्रवण शास्त्राचं महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्र्याला याच कामाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खाजगी थेरपिस्टकडे गेलास तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, एवढं बघ. आणि मोठ्या माणसांच्या अडखळण्यावर काम केलंय का, हे सरळ विचार. बरेच जण लहान मुलांवरच काम करतात. शिवाय ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ या नावाने देशभरातल्या अडखळणाऱ्यांनी मिळून उभी केलेली चळवळ आहे. तिचे स्वमदत गट अनेक शहरांत भरतात, ऑनलाइनही भरतात. थेरपीच्याही आधी तिथे एकदा जाऊन बस, असं मी म्हणेन. ‘मी इथला नाही’ असं तू लिहिलं आहेस ना, तर ज्या खोलीत सगळेच अडखळतात आणि कुणी कुणाचा शब्द पुरा करत नाही, अशी खोली एकदा बघून ये.

हे सगळं लग्न ठरवता ठरवता करता येतं. बरं झाल्याचा दाखला हातात आल्याशिवाय आयुष्य सुरू करायचं नाही, असं ठरवलंस तर तो दाखला देणारं ऑफिस मला तरी माहीत नाही.

तिला कसं सांगायचं? मोठा मेसेज नको. चार पानी मेसेज म्हणजे कबुलीजबाब वाटतो; जणू तुझ्या हातून काही गुन्हा घडलाय. शिवाय तो फिरतो. मावशी, आत्या, मध्यस्थ सगळे वाचतील आणि तुझा आवाज त्यात नसेल. मेसेज फक्त दार उघडण्यापुरता लिही. साधारण असं : ‘मी बोलताना अडखळतो, म्हणून फोन टाळत होतो. तुला टाळत नव्हतो. भेटून बोलू या का, आपण दोघंच?’ बस. यात ‘सॉरी’ नाही, ‘माझ्यात एक दोष आहे’ नाही, ‘पण मी उपचार घेतोय’ अशी हमीही नाही.

आणि मग भेटल्यावर बोल. अडखळ. त्या दिवशी शब्द बदलण्याचे सगळे हिशेब घरी ठेवून जा, कारण तिला खरा नमुना ऐकू यायला हवा. तू कसाबसा सफाईने बोललास तर ती म्हणेल, “एवढंच होतं होय?” आणि पुढे तुला आयुष्यभर ती सफाई टिकवत बसावं लागेल. तुला काय हवं तेही सांग : माझा शब्द पुरा करू नकोस, थांब, मी पोचतो. घरात आणखी कुणाला आहे का, हे ती विचारेलच, तिने नाही विचारलं तर तिच्या घरचे विचारतील. काकांचं खरं सांग. हे काही घराण्यांत जास्त आढळतं, मुलांमध्ये येण्याची शक्यता थोडी वाढते, पण येईलच असं नाही. आणि आलं तर अशा मुलाकडे कसं बघायचं हे तुला तुझ्या आजीआजोबांपेक्षा चांगलं माहीत असेल. एवढं झालं की गप्प बस आणि तिला बोलू दे. दोन भेटींत तीही काय मनमोकळं बोलली असेल, सांग? तिच्याकडेही सांगायचं काही असेल. आपण दोघं भेटतो तेव्हा फक्त माझीच परीक्षा असते, हे तू धरून चालला आहेस.

उत्तर लगेच मागू नकोस. नकार आला तर वाईट वाटेल, आणि ते वाटू दे. तो नकार अडखळण्यासाठी असेल किंवा आणखी कशासाठी असेल, बहुधा तुला कधीच नक्की कळणार नाही. पण तिला न कळू देता झालेलं लग्न आणि मग एका सकाळी घरात येणारं “मला आधी का नाही सांगितलंत?”, यातून तू वाचशील. तिचा राग अडखळण्याचा नसेल, फसवल्याचा असेल, आणि तो जाता जात नाही.

आईबाबांवर मात्र चिडू नकोस. ‘लग्नानंतर कळेलच’ हे ते लबाडीने म्हणत नाहीत. त्यांनी काकांचं आयुष्य पाहिलंय, शाळेत तुला चिडवलेलं पाहिलंय. आपलं पोर नाकारलं जाईल ही भीती आहे, आणि तिच्या तळाशी ‘आमचंच काही चुकलं का’ हे आहे. त्यांना एवढंच सांग की कुणाचंही चुकलेलं नाही आणि मी तिला सांगणार आहे. परवानगी मागू नकोस, वादही घालू नकोस. जमलं तर काकांशी एकदा बोल. मला तर वाटतं, या घरात इतक्या वर्षांत तुम्ही दोघं या विषयावर एकमेकांशी कधी बोललाच नसाल.

ऑफिसचं सोपं आहे, थोडक्यात सांगते. आधी एकट्या मॅनेजरला सांग. ‘मी अडखळतो, मीटिंगमध्ये मला दोन सेकंद जास्त लागतील, माझं वाक्य माझं मला पुरं करू द्या’ एवढं पुरे. आपली ओळख करून देण्याची पाळी येते तिथे बहुतेकांना सर्वांत जास्त धास्ती असते, कारण स्वतःचं नाव बदलता येत नाही आणि पाळी जवळ येईपर्यंत आत धडधड वाढत जाते. तिथे शक्य असेल तर पहिला बोल, वाट बघत बसू नकोस.

हे पत्र अडखळणाऱ्यांचे आईवडील, नवराबायको, सहकारीही वाचतील, म्हणून जाता जाता त्यांच्यासाठी. ‘सावकाश बोल’, ‘घाबरू नकोस’, ‘आधी श्वास घे’ हे सल्ले मदत करत नाहीत. त्यांचा अर्थ समोरच्याला ‘तुझं बोलणं मला नीट वाटत नाही’ असाच लागतो. शब्द सुचवू नका. नजर वळवू नका, टक लावूनही बघू नका. तो कसा बोलतोय यापेक्षा काय बोलतोय त्याला उत्तर द्या. लहान मुलाचं अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा मूल बोलताना जोर लावू लागलं, बोलायचं टाळू लागलं, तर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून थांबू नका, लवकर स्पीच थेरपिस्टला दाखवा. जिभेखालची दोरी कापून अडखळणं जात नाही.

आणि गाणं? गा की. मला ठेका आवडत नाही म्हणून तू अडू नकोस. फक्त ते तिच्याशी बोलून झाल्यावर गा, म्हणजे कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओवरून तिला कळायला नको. स्टेजवरून सगळ्यांना सांगायचंच असेल तर गाण्याआधी, साध्या बोलण्यात, तुझ्या नावासकट दोन वाक्यांत सांग. नाव अडकलं तर अडकू दे, माईक हातात आहे, कुणी पळून जात नाही. त्या दिवशी सांगावंसं वाटलं नाही तर नुसतं गा, तेही चालेल, तू कुणाला माहितीपत्रक देणं लागत नाहीस. तयारीचं म्हणशील तर ते स्कॅटचे तुकडे कागदावर लिहून पाठ करत बसू नकोस, त्यात लोकांची फार गल्लत होते. तुझा कान पखवाजावर तयार झालाय. मूळ गाणं सावकाश लाव, मांडीवर ठेका धर आणि बोल पाठ करतो तसे चार-चार मात्रांचे तुकडे बसव. लय वाढवायची ती सगळ्यात शेवटी. आणि पट्टी तुझ्या गळ्याला बघून घे. तुमच्या ऑफिसच्या कीबोर्डवाल्याला ती खालीवर करता यायला हवी, नाहीतर भजनी मंडळातला पेटीवाला मागवून घे.

तुझी,
ताई